चालू खात्याची कलाटणी: मॉडेलला सापडलेले सातत्य खरे किती आणि व्याख्येने घडवलेले किती

विकसनशील देशांच्या चालू खात्यांवर, म्हणजे परदेशाशी होणाऱ्या वस्तू, सेवा आणि उत्पन्नाच्या देवघेवीच्या हिशेबावर, प्रबंध लिहिणाऱ्या एका विद्यार्थिनीने दोन प्रश्न विचारले आहेत. चालू खात्यावरील तूट मोठ्या प्रमाणात आणि काही वर्षे टिकेल अशा रीतीने ज्या वर्षी घटते, ते वर्ष तिने कलाटणीचे मानले. कलाटणी असल्यास एक आणि नसल्यास शून्य असे चल तयार करून, सर्व देशांची सर्व वर्षे एकत्र घेऊन तिने प्रोबिट मॉडेल, म्हणजे घटना घडण्याची शक्यता इतर चलांवरून काढणारे मॉडेल, बसवले. मागील वर्षी कलाटणी होती की नाही, या चलाचा सहगुणक, म्हणजे त्याच्या परिणामाचे माप, मोठा, धन आणि सार्थ (निव्वळ योगायोगाने येणार नाही असा) आला. एक कलाटणी पुढच्या वर्षीच्या कलाटणीची शक्यता वाढवते असे यावरून म्हणता येईल का, हा पहिला प्रश्न. भारताचे १९९१ चे संकट यादीत आलेच नाही, तेव्हा आकडेवारीत काही चूक आहे का, हा दुसरा.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्याच्याच पोटात आहे.

तुम्ही घेतलेली व्याख्या अर्थतज्ज्ञ जियान मारिया मिलेसी-फेरेटी आणि असाफ रझीन यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मांडलेल्या नियमावर आधारलेली आहे. त्या वर्षापासूनच्या तीन वर्षांची सरासरी तूट आधीच्या तीन वर्षांच्या सरासरीपेक्षा जीडीपीच्या किमान तीन टक्केबिंदूंनी कमी असली पाहिजे, ही मुख्य अट. नंतरच्या तीन वर्षांतील सर्वांत मोठी तूट आधीच्या तीन वर्षांतील सर्वांत लहान तुटीपेक्षा मोठी नसावी, ही दुसरी. कलाटणीनंतरही तूट जीडीपीच्या दहा टक्क्यांच्या वर राहिलेली नसावी, ही तिसरी. नियम विचारपूर्वक केलेला आहे. एखाद्या वर्षीच्या चांगल्या पिकामुळे किंवा तेलाच्या दरातील तात्पुरत्या घसरणीमुळे आलेली सुधारणा त्यातून गाळली जाते.

आता भारताचे आकडे या नियमात घालून पाहू. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक वर्षांच्या मालिकेनुसार चालू खात्यावरील तूट १९८८-८९ मध्ये जीडीपीच्या २.७ टक्के, १९८९-९० मध्ये २.३ टक्के आणि १९९०-९१ मध्ये ३.० टक्के होती. १९९१-९२ मध्ये ती ०.३ टक्क्यावर आली, १९९२-९३ मध्ये १.७ टक्के झाली आणि १९९३-९४ मध्ये पुन्हा ०.४ टक्के. आधीची सरासरी सुमारे २.७, नंतरची ०.८, म्हणजे सुधारणा सुमारे १.९ टक्केबिंदू. उरलेल्या दोन्ही अटी पूर्ण होतात, पण मुख्य अटीपासून भारत बराच दूर राहतो. तुमच्या आकडेवारीत चूक नाही. नियमाप्रमाणे १९९१ ही कलाटणी नव्हेच.

त्या वर्षी काय घडले होते, हे आठवून पाहा. एप्रिल १९९१ पर्यंत आयातीची पतपत्रे (विक्रेत्याला पैसे मिळण्याची बँकेची हमी) उघडण्यासाठी २०० टक्क्यांपर्यंत रोख मार्जिन मागितले जात होते. मे महिन्यात सरकारकडचे २० टन सोने स्टेट बँकेमार्फत परदेशात विकले गेले, जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचे जवळपास ४७ टन सोने तारण ठेवले गेले, आणि १ व ३ जुलै अशा दोन टप्प्यांत रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलरमधील आयात एका वर्षात सुमारे पंचमांशाने घटली. कच्चा माल आणि सुटे भाग मिळेनासे झालेल्या कारखान्यांच्या दृष्टीने याहून मोठी कलाटणी कोणती असणार? तरीही मॉडेलच्या दृष्टीने त्या वर्षापुढे शून्यच आहे.

याचे कारण छेदात आहे. १९९०-९१ मध्ये भारताची वस्तू-निर्यात जीडीपीच्या सहा टक्क्यांहूनही कमी होती. इतक्या बंदिस्त अर्थव्यवस्थेत तीन टक्केबिंदूंची टिकाऊ सुधारणा करायची, तर परकीय व्यापाराची जवळजवळ फेरमांडणी करावी लागते. तीच तूट निर्यातीच्या प्रमाणात पाहिली, तर चित्र पार बदलते: १९९०-९१ मध्ये ९.७ अब्ज डॉलरची तूट त्या वर्षीच्या सुमारे १८.५ अब्ज डॉलरच्या वस्तू-निर्यातीच्या निम्म्याहून अधिक होती, आणि पुढच्याच वर्षी ती १.२ अब्ज डॉलरवर, म्हणजे निर्यातीच्या सहा-सात टक्क्यांवर आली. म्हणूनच जीडीपीच्या टक्क्यांतला एकच उंबरठा सर्व देशांना लावला, की खुल्या अर्थव्यवस्थांच्या घटना अधिक मोजल्या जातात आणि बंदिस्त अर्थव्यवस्थांच्या कमी. पुढे तुम्ही स्पष्टीकरणात्मक चल म्हणून व्यापाराचे जीडीपीशी प्रमाण घालता आणि ‘खुल्या देशांत कलाटण्या अधिक होतात’ असा निकाल हाती येतो. त्यातला काही भाग तुम्हीच उंबरठ्यातून आत घातलेला असतो. प्रत्येक देशाच्या स्वतःच्या चालू खात्याच्या प्रमाण विचलनाच्या, म्हणजे नेहमीच्या चढउताराच्या मापाच्या, पटीत उंबरठा ठरवून तीच गणिते एकदा करून पाहा, आणि दोन्ही निकाल प्रबंधात शेजारी शेजारी ठेवा.

२०१३ ची गोष्टही अशीच काठावरची आहे. २०१२-१३ मधील ४.८ टक्क्यांची तूट २०१३-१४ मध्ये १.७ टक्क्यांवर आली. एका वर्षाच्या फरकावर तीन टक्केबिंदूंचा उंबरठा लावला, तर ही कलाटणी ठरते. चार टक्केबिंदूंचा लावला, तर ठरत नाही. आणि तीन-तीन वर्षांच्या सरासरीत सुधारणा अडीच टक्केबिंदूंच्या थोडी वर राहते, म्हणून तुमच्या नियमानेही ठरत नाही. शिवाय तुम्ही कॅलेंडर वर्षाची आंतरराष्ट्रीय मालिका घेतली असेल, तर १९९१ चा धक्का आणखी बोथट होतो, कारण वर्षाचा पहिला अर्धा भाग संकटाचा आणि दुसरा सुधारणेचा असून दोन्ही एकाच आकड्यात मिसळले जातात.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळतो. त्यासाठी थायलंड घेऊ, कारण तिथे घटना इतकी मोठी आहे की उंबरठ्याविषयी वाद राहत नाही. थायलंडच्या चालू खात्यावर १९९५ आणि १९९६ मध्ये जीडीपीच्या सुमारे आठ टक्के तूट होती. २ जुलै १९९७ रोजी बाट या तिथल्या चलनाचा दर बाजारावर मोकळा सोडला गेला. त्या वर्षीची तूट दोन टक्क्यांच्या आसपास राहिली आणि १९९८ मध्ये बारा टक्क्यांहून अधिक शिल्लक दिसली. घटना एकच. पण १९९७ या वर्षाला नियम लावा: आधीच्या तीन वर्षांत मोठी तूट, नंतरच्या तीन वर्षांत सरासरीने शिल्लक, म्हणून एक. १९९८ ला लावा: आधीच्या सरासरीत अजूनही १९९५ आणि १९९६ च्या तुटी आहेत आणि नंतरच्या तिन्ही वर्षांत शिल्लक आहे, म्हणून पुन्हा एक. आणि नुसती सरासरीची अट ठेवून दुसरी अट विसरलात, तर १९९६ आणि १९९९ ही वर्षेही आत येतात, म्हणजे एका अवमूल्यनाचे चार वेळा ‘एक’ होतात. १९९६ मध्ये तर तूट आठ टक्के होती आणि काहीही उलटलेले नव्हते. पुढची दोन वर्षे सरासरीत आल्यामुळे ते वर्ष कलाटणीचे दिसते. तुमच्या यादीत जिथे जिथे सलग वर्षांना ‘एक’ आहे, तिथे मूळ मालिका उघडून पाहा. बहुतेक ठिकाणी हेच सापडेल, अशी माझी खात्री आहे.

हे केवळ थायलंडपुरते नाही, आणि ते सोप्या गणिताने दाखवता येते. समजा, एखाद्या देशाचे चालू खाते म्हणजे दरवर्षी स्वतंत्रपणे पडणारा निव्वळ यादृच्छिक आकडा आहे. त्यात कसलेही सातत्य नाही. अशा मालिकेतून नंतरच्या तीन वर्षांची सरासरी वजा आधीच्या तीन वर्षांची सरासरी, असे नवे चल काढले, तर त्या चलाचा स्वतःच्याच मागील वर्षीच्या मूल्याशी सहसंबंध नेमका ०.५ येतो. सहा वर्षांच्या खिडकीत तीन वर्षांना उणे आणि तीन वर्षांना अधिक भार आहे. खिडकी एका वर्षाने सरकवली की पाच वर्षे सामाईक राहतात. त्यांपैकी चार वर्षांचे चिन्ह तेच राहते आणि एकाचे उलटते. सहापैकी निव्वळ तीन उरतात. दोन वर्षांच्या अंतरावर हा सहसंबंध शून्य होतो आणि तीन वर्षांच्या अंतरावर उणे ०.५. उलट टोकाला, चालू खाते म्हणजे प्रत्येक धक्का कायमचा टिकणारी यादृच्छिक चाल असेल, तर एका वर्षाच्या अंतरावर सहसंबंध १९ पैकी १६, म्हणजे सुमारे ०.८४ येतो. खरी चालू खाती या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. म्हणजेच अर्थशास्त्राचा एक शब्दही उच्चारण्याआधी, निव्वळ खिडकीच्या बेरीज-वजाबाकीतून, तुमच्या शून्य-एकच्या चलाखाली दडलेल्या मालिकेत भक्कम धन सातत्य घातले गेलेले आहे. मागील वर्षीच्या कलाटणीचा सहगुणक सार्थ आला यात नवल नाही. तो आला नसता, तर मात्र मी प्रोग्रॅम तपासायला सांगितले असते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की कोणतेही अवघड मॉडेल बसवण्याआधी एक काम करावे. प्रत्येक देशाच्या चालू खात्याला साधे पहिल्या क्रमाचे स्वप्रतिगमन (यंदाचा आकडा मागील वर्षीच्या आकड्यावरून काढणारे समीकरण) बसवा, देशागणिक सरासरी आणि धक्क्यांचे विचलन वेगळे ठेवा, आणि या अंदाजांवरून संगणकावर तुमच्या पॅनेलएवढीच (तितकेच देश, तितकीच वर्षे) कृत्रिम पॅनेल काही शेकडा वेळा तयार करा. या कृत्रिम जगात संकट नाही, सट्टेबाजी नाही, राजकीय उलथापालथ नाही. त्यावर तुमचाच नियम लावून घटना मोजा आणि तुमचेच प्रोबिट चालवा. मागील वर्षीच्या कलाटणीचे जे सहगुणक तिथे मिळतील, त्यांचे वितरण ही तुमची खरी शून्यरेषा. प्रत्यक्ष आकडेवारीतला सहगुणक त्या वितरणाच्या मधोमध पडला, तर सातत्याविषयी तुम्हाला सांगण्यासारखे काहीही मिळालेले नाही. तो टोकाच्या पलीकडे गेला, तर पुढे जाण्यात अर्थ आहे. मागील वर्षीच्या तुटीच्या आकाराचा सहगुणकही याच कसोटीवर घासा. मोठी तूट कलाटणीची पूर्वसूचना देते, हा या विषयातला सर्वांत भक्कम निकाल मानला जातो, पण सरासरीकडे परतणाऱ्या कोणत्याही मालिकेत मोठ्या तुटीनंतर लहान तूट येण्याची शक्यता अधिकच असते. कृत्रिम पॅनेलच्या वर जे उरेल, तेवढेच अर्थशास्त्राचे.

समजा काही उरले. मग ते तीन वेगळ्या वाटांनी आलेले असू शकते. काही देश मुळातच अशा घटनांना अधिक बळी पडतात. कर्जाची रचना, निर्यातीचे एकाच पिकावर किंवा खनिजावर अवलंबून असणे, संस्थांचा कमकुवतपणा, ही त्याची कारणे आकडेवारीत पुरती उतरत नाहीत. दुसरी वाट म्हणजे न दिसणारे धक्के स्वतःच काही वर्षे टिकणारे असतात: दुष्काळ, यादवी, अस्थिर सरकार. तिसरी वाट तुम्हाला हवी असलेली, म्हणजे कलाटणीच पुढच्या कलाटणीला कारण होते. उदाहरणार्थ, सावकारांचा विश्वास एकदा उडाला की तो लवकर परत येत नाही. एकत्र प्रोबिटमध्ये या तिन्ही गोष्टी एकाच सहगुणकात कोंबल्या जातात.

यांना वेगळे करणे शक्य आहे का, याचा प्रामाणिक शोध रोमन लीसेनफेल्ड, गिल्हेर्मे मौरा आणि जाँ-फ्रान्स्वा रिशार यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घेतला आहे. त्यांना सातत्याचा भक्कम पुरावा मिळाला. पण मागील कलाटणीचा थेट परिणाम मानणारे मॉडेल आणि सहसंबंधित धक्के मानणारे मॉडेल, या दोहोंत संभाव्यतेच्या, म्हणजे मॉडेल आकडेवारीशी किती जुळते याच्या, निकषावर फरक जवळपास करताच आला नाही. अंदाज वर्तवण्याच्या क्षमतेवर मात्र देशागणिक टिकून राहणाऱ्या धक्क्यांच्या बाजूने कौल पडला. हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. सहगुणकाच्या सार्थतेवरून कारणाविषयी बोलण्याची घाई किती धोक्याची आहे, हे त्यातून दिसते. ‘कलाटणीच कलाटणीला जन्म देते’ हे विधान, सध्या तुमच्या हाती असलेल्या पुराव्यावर, करू नये.

अंदाजपद्धतीविषयी आता थोडक्यात. देशागणिक यादृच्छिक परिणाम (प्रत्येक देशाचा न दिसणारा, कायम टिकणारा कल) असलेले प्रोबिट बहुतेक सर्व पॅकेजमध्ये तयार मिळते, पण मालिकेतील पहिले निरीक्षण हे त्या न दिसणाऱ्या परिणामापासून स्वतंत्र आहे असे ते गृहीत धरते. तुमच्या पॅनेलमध्ये प्रत्येक देशाला वीस-पंचवीस वर्षेच असतील, तर हे गृहीतक चालणार नाही. जेफ्री वुल्ड्रिज यांनी २००५ मध्ये सुचवलेली वाट सोपी आहे: सुरुवातीच्या वर्षीचे मूल्य आणि बाह्य चलांच्या देशागणिक सरासऱ्या मॉडेलमध्येच घाला. धक्क्यांत सहसंबंध मानायचा असेल, तर संभाव्यतेचे बहुमितीय समाकलन सिम्युलेशननेच करावे लागते, आणि तिथे सोडतींची (संगणकाने काढलेल्या यादृच्छिक नमुन्यांची) संख्या वाढवून उत्तर स्थिर राहते का, हे पाहिल्याशिवाय तक्ता छापू नये. आणखी एक, जे फार वेळा चुकते: एकत्र प्रोबिट आणि यादृच्छिक परिणामांचे प्रोबिट यांचे सहगुणक थेट शेजारी ठेवून तुलना करता येत नाही, कारण दोहोंत त्रुटीचे प्रमाणीकरण वेगळे असते. एकूण विचरणातील देश-परिणामाचा वाटा १ या संख्येतून वजा करून उरलेल्याच्या वर्गमुळाने यादृच्छिक परिणामांच्या प्रोबिटचे सहगुणक गुणा, किंवा सरळ सरासरी सीमांत परिणाम (चल थोडे बदलल्यास शक्यता किती बदलते ते) द्या.

माझ्यावर सोपवले, तर मी मात्र तुमचा प्रश्नच थोडा वेगळा मांडेन. एका घटनेची सलग वर्षे मिळून एकच घटना धरा, तिची सुरुवात जिथे होते तेवढ्याच वर्षाला ‘एक’ द्या, आणि सुरुवातीनंतरची जी वर्षे त्याच खिडकीत अडकलेली आहेत ती नमुन्यातून काढून टाका. त्यांना ‘शून्य’ देऊ नका, कारण तसे केले तर कृत्रिम धन सातत्याच्या जागी कृत्रिम ऋण सातत्य येईल. मग मागील कलाटणी होऊन किती वर्षे झाली, हे चल म्हणून घ्या आणि कालावधीचे मॉडेल बसवा. प्रश्न असा होतो: एकदा कलाटणी घेऊन सावरलेला देश पुन्हा त्याच जागी येण्याची शक्यता काळानुसार कशी बदलते? धोरण ठरवणाऱ्याला उपयोगी पडणारा प्रश्नही हाच आहे.

स्पष्टीकरणात्मक चलांत परकीय गंगाजळीचे आयातीशी प्रमाण सगळेच घालतात. त्याबरोबर अल्पमुदतीच्या कर्जाचे गंगाजळीशी प्रमाण अवश्य घाला. मार्च १९९१ अखेर भारतात हे प्रमाण जवळपास १४६ टक्के होते, आणि अनिवासी भारतीयांच्या ठेवी १९९० च्या अखेरीपासून काढून घेतल्या जात होत्या. संकटाची निकड जीडीपीच्या तीन टक्के तुटीतून नव्हे, तर या दोन गोष्टींतून आली. जागतिक व्याजदर हे सर्व देशांना एकाच वेळी लागणारे चल आहे. त्याच्या सहगुणकाची प्रमाण त्रुटी वर्षागणिक गट करून काढा, नाहीतर एकाच वर्षीच्या साठ देशांना तुम्ही साठ स्वतंत्र साक्षीदार मानून बसाल.

आकडेवारीत आणखी दोन खाचखळगे आहेत. नायजेरियाने एप्रिल २०१४ मध्ये जीडीपीचे आधारवर्ष बदलले आणि २०१३ चा जीडीपी सुमारे ८९ टक्क्यांनी वाढला. जुन्या आणि नव्या मालिका सांधताना चूक झाली, तर चालू खात्याचे प्रमाण एका रात्रीत जवळपास निम्मे होते आणि तुमचा नियम कागदावरच घटना निर्माण करतो किंवा पुसून टाकतो. गयानात डिसेंबर २०१९ मध्ये समुद्रातील तेलाचे उत्पादन सुरू झाले. तत्पूर्वीची मोठी तूट तेलप्रकल्पाच्या यंत्रसामग्रीची होती आणि पुढची सुधारणा तेलाच्या निर्यातीची. नियम तिथे कलाटणी पाहील, आणि आकड्यांत ती आहेही, पण १९९७ च्या थायलंडशी तिचा काहीही संबंध नाही. परकीय गुंतवणुकीतून भरून निघालेली तूट वेगळी नोंदवा, आणि आयात आकसून झालेली सुधारणा व निर्यात वाढून झालेली सुधारणा या दोन वेगळ्या घटना मानून बहुपर्यायी मॉडेल बसवा. नमुना लहान होईल आणि सहगुणकांची अनिश्चितता वाढेल; ती वाढू द्या. घटना फार विरळ झाल्या, तर डेव्हिड फर्थ यांची दंडित संभाव्यता वापरा, म्हणजे सहगुणक अनंताकडे पळणार नाहीत.

शेवटी अंदाजाची कसोटी. घटना दहा टक्के वर्षांतच होत असतील, तर ‘कधीच कलाटणी येणार नाही’ असे म्हणणारे मॉडेलही नव्वद टक्के वेळा बरोबर ठरते. म्हणून अचूकतेची टक्केवारी देऊ नका. मॉडेल २०१० पर्यंतच्या आकडेवारीवर बसवा आणि पुढची वर्षे त्याला आधी न दाखवता तपासा. त्यात २०१२-१३ चा भारत येतो, आणि एप्रिल २०२२ मध्ये परकीय कर्जाची फेड थांबवून २०२३ मध्ये चालू खात्यावर शिल्लक दाखवणारी श्रीलंकाही येते. मात्र अंदाजासाठी वापरलेला प्रत्येक आकडा त्या त्या वर्षी प्रत्यक्ष उपलब्ध असलेला घ्या, नंतर सुधारलेला नव्हे. आणि तीन वर्षांच्या खिडकीमुळे २०१० ची घटना २०१२ चे आकडे पाहिल्याशिवाय ठरतच नाही, म्हणून प्रशिक्षणाचा नमुना प्रत्यक्षात २००८ लाच थांबवा.